पावसाळा संपला, खांदा बोलू लागला

नागपुरात पाऊस सप्टेंबरअखेर आवरतं घेतो. रामनगर असो की सिव्हिल लाइन्स, ऑक्टोबरात टेनिसची कोर्ट वाळली की सकाळी सहाला तीच मंडळी पुन्हा जमतात आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत खांद्याची तीच तक्रार कानावर येते. "सर्व्हिस करताना वरून चमक निघून राहिली भाऊ." "रात्री उजव्या कुशीवर झोपणंच होत नाही." प्रत्येक ग्रुपमध्ये एक जाणकार असतोच. तो सांगतो, "काही नाही, लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं. दोन सेट खेळून घे, मोकळं होते." दुसरा म्हणतो, "महिनाभर रॅकेटला हातच लावू नको." दोघंही मनापासून सांगतात आणि बहुतेक वेळा दोघंही चुकतात.

तक्रार नेमकी याच दिवसांत का येते, हे स्वतःला विचारलं की अर्धं उत्तर हाती लागतं. चार महिने कोर्ट ओली होती, खांद्याला टेनिसचं काम नव्हतं. मग एका आठवड्यात तो पूर्ण कामाला जुंपला गेला. वय, चुकीची सर्व्हिस, जुनी दुखापत, मधुमेह ही कारणं आहेतच, पण हौशी खेळाडूच्या खांदेदुखीत सगळ्यात मोठा हात बहुधा या अचानक वाढीचा असतो. तयारीपेक्षा काम फार पुढे गेलं, एवढंच. हे एकदा पटलं की उपायाची दिशाही कळते. काम कमी करायचं, पण बंद करायचं नाही, आणि मग पायरीपायरीने वाढवत न्यायचं.

सांधा असा का आहे

खुब्याचा सांधा खोल खोबणीत बसलेला असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. खांद्यात उलट आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि पात्याच्या हाडावर त्याला टेकायला मिळालेली जागा लहान, उथळ. कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिथे टेकलेला असतो. त्यामुळे हात चहूकडे फिरतो, पाठ खाजवता येते, झाडावरचा आंबा तोडता येतो. त्याची किंमत अशी, की गोळा जागेवर धरून ठेवायचं काम हाडांकडून स्नायूंकडे येतं.

हे काम चार लहान स्नायू करतात. ते पात्यापासून निघतात आणि गोळ्याला वरून, मागून, पुढून कवटाळतात. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरचा सुप्रास्पायनेटस, मागचे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, पुढचा सबस्कॅप्युलॅरिस. नावं पाठ करायची गरज नाही, फक्त मागच्या दोघांना लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत. खांद्यावर बोट फिरवलं की टोकाला एक सपाट हाड लागतं. वरच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, त्या हाडाखालून जातो. दोघांच्या मध्ये बर्सा नावाची एक पातळ पिशवी असते. खांदेदुखीच्या बऱ्याचशा गोष्टी या दोन बोटांच्या जागेत घडतात.

आणखी एक भिडू आपण विसरतो, तो म्हणजे पाठीवरचं पातं. हात पूर्ण वर नेताना जे १८० अंश होतात, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पातं बरगड्यांवर सरकल्यामुळे. खुर्चीवर मुद्दाम पोक काढून बसा आणि हात वर करा. मग ताठ बसून पुन्हा करा. दोन्हींतला फरक लगेच कळेल. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसलेला माणूस संध्याकाळी कोर्टावर येऊन थेट स्मॅश, म्हणजे डोक्यावरून जोरदार फटका, मारायला लागतो, तेव्हा पाठीने द्यायची हालचाल खांद्याला एकट्याने द्यावी लागते.

सर्व्हिसमध्ये काय होतं

चांगल्या सर्व्हिसची निम्मी ताकद पायांतून आणि धडातून येते. गुडघे वाकतात, जमिनीला रेटा बसतो, कंबर फिरते, छाती फिरते आणि शेवटी दंड आतल्या बाजूला गर्रकन वळतो. व्यावसायिक खेळाडूंमध्ये हे वळण सेकंदाला २००० अंशांच्याही वेगाने मोजलं गेलं आहे. आपला वेग त्याच्या आसपासही नसतो, पण आपल्याकडे पायांचा वाटाही नसतो. बहुतेक हौशी सर्व्हिस उभ्याने, हाताच्या जोरावर मारली जाते. कमी वेगाच्या सर्व्हिसला खांद्याचे कष्ट मात्र कमी पडत नाहीत.

चेंडूला रॅकेट लागली की काम संपलं, असं वाटतं. मागच्या त्या दोन स्नायूंसाठी ते तिथे सुरू होतं. पुढे झेपावलेल्या हाताला काही क्षणांत थांबवायचं, आणि तेही स्वतः ताणले जात असताना. स्नायू आखडताना जोर लावतो त्यापेक्षा लांबत असताना जोर लावतो, तेव्हा त्याच्या तंतूंना जास्त इजा होते. रामटेकचा गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. खांद्याच्या मागच्या बाजूला सर्व्हिसनंतर येणारा ठणका त्याच जातीचा आहे.

टीव्हीवरच्या खेळाडूंशी तुलना करताना एक गोष्ट विसरू नये. लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या दंडाचं हाडसुद्धा वाढीच्या वयात थोडं पिळलं जातं आणि तो हात मागे जास्त वळू शकतो. चाळिशीत रॅकेट हातात घेतलेल्याला ही सोय नसते. त्याला मिळणारी सोय एकच, स्नायू आणि टेंडन हळूहळू मजबूत करण्याची. ती मात्र कुठल्याही वयात मिळते.

ठणका की दुखणं?

आधी लॅक्टिक अ‍ॅसिडचा निकाल लावू. दमछाक करणारा व्यायाम केल्यावर रक्तात लॅक्टेट वाढतं हे खरं, पण ते तासा-दीड तासात पूर्ववत होतं. स्नायूंचा ठणका मात्र खेळल्यानंतर २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतो. सोमवारी सकाळी निघून गेलेली गोष्ट बुधवारी कशी दुखवेल? हा ठणका स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा असतो. तो पसरट असतो, दाबल्यावर दुखतो, सुरुवातीला आखडल्यासारखं वाटतं आणि हालचाल केली की सैल होतं. चार-पाच दिवसांत तो आपला आपण जातो. पुढच्या वेळी तेवढ्याच खेळाने कमी होतो, कारण स्नायू शिकतो. याला उपचार लागत नाहीत.

दुसरं दुखणं ओळखायला त्याची जागा मदत करते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे शाळेत लस टोचायचे तिथे दुखत असेल, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात चमक येत असेल आणि त्या कुशीवर झोपल्यावर जाग येत असेल, तर बहुधा वरचा टेंडन किंवा बर्सा चिडलेला आहे. गंमत अशी, की दुखणं दंडावर जाणवतं आणि कारण वर असतं. लोक आठवडाभर दंडाला बाम चोळत राहतात. पुढच्या बाजूला, बोटाने दाखवता येईल असं दुखणं बायसेप्सच्या टेंडनचं असू शकतं. खांद्याच्या अगदी माथ्यावर, हात छातीवरून पलीकडे नेताना दुखलं तर गळ्याच्या हाडाचा तिथला लहान सांधा. आणि दुखणं कोपराखाली उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर वाढत असेल, तर खांदा निर्दोष असण्याची शक्यता आहे, मान तपासायला हवी.

चाळीस ते साठ वयातल्या एका पाहुण्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं, तो म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना तो बराच जास्त होतो आणि आपल्या शहरात मधुमेह घरोघरी आहे. ओळख अशी. कोपर अंगाला चिकटवून ९० अंशात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा पंजा हळूच बाहेर वळवायला सांगा. तुम्ही जोर न लावताही हात अडत असेल, दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट कमी जात असेल, तर हा मामला टेनिसचा राहिलेला नाही. यात सांध्याभोवतीचं आवरणच आक्रसतं आणि बरं व्हायला एक ते तीन वर्षंसुद्धा लागतात. त्यात जोर लावून हात ओढत बसलं तर दुखणं वाढतं. शुगर तपासा, डॉक्टरांना दाखवा.

पडल्यावर किंवा एखाद्या फटक्यात "कट्" आवाज येऊन हात उचलताच येईनासा झाला, खांद्याचा आकार बदललेला दिसला, दंडात अचानक गोळा आला, हात बधिर पडला, किंवा दुखण्याबरोबर ताप आला, तर वाट बघू नये. चाळिशीनंतर पडून हात उचलणं बंद झालं असेल तर रोटेटर कफ खरोखर फाटलेला असू शकतो आणि अशा ताज्या दुखापतीत शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घेतलेला बरा असतो. खेळताना डाव्या खांद्यात दुखायला लागलं, सोबत छातीत जडपणा, घाम, धाप असेल, तर तो खांदा नाही. खेळ थांबवून लगेच हृदयविकाराची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं, घरी जाऊन अंघोळ करून नाही.

हिशेब सर्व्हिसचा

किती खेळलो हे आपण तासांत सांगतो. खांदा मात्र सर्व्हिस आणि स्मॅश मोजतो. डबल्सचा ६-४ असा सेट धरा. दहा गेम, चार खेळाडू, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन किंवा तीन सर्व्हिस गेम. एका गेममध्ये सरासरी सहा गुण धरले आणि दुसऱ्या सर्व्हिस मिळवल्या तर आठ-नऊ चेंडू. सेटमागे साधारण वीस-पंचवीस सर्व्हिस. रोज दोन सेट आणि आठवड्यातून पाच दिवस खेळलं तर आकडा २०० ते २५० वर जातो. ऑगस्टमध्ये हाच आकडा शून्य होता. सिंगल्स खेळलात तर सर्व्हिस गेम दुप्पट. आणि रविवारी कुणीतरी चेंडूंची बास्केट घेऊन एकट्याने सरावाला उभा राहिला तर अर्ध्या तासात शंभर चेंडू सहज होतात, तेही मध्ये श्वास न घेता. माझ्या मते हौशी खांद्याचा सगळ्यात मोठा शत्रू मॅच नसून ही बास्केट आहे. मॅचमध्ये निदान दोन सर्व्हिस गेमच्या मध्ये विश्रांती मिळते.

दुसरा धोका नोव्हेंबर-डिसेंबरातल्या स्पर्धांचा. ऑफिसची, क्लबची, सोसायटीची स्पर्धा आली की शनिवार-रविवारी एकाच दिवशी तीन-तीन मॅच होतात. एरवी आठवड्यात दोनदा खेळणारा माणूस दोन दिवसांत महिन्याभराची सर्व्हिस करून मोकळा होतो. खांदा सोमवारी दुखला नाही तरच नवल.

पहिले चार-पाच दिवस

दुखायला लागलं की सर्व्हिस, स्मॅश आणि डोक्यावरच्या व्हॉली बंद. कंबरेच्या उंचीवरचे फोरहँड-बॅकहँड दुखत नसतील तर ते चालू ठेवायला हरकत नाही. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. तीनपर्यंतचं दुखणं खेळताना चालतं, अट एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं असेल तर काम जास्त झालं. हा सकाळचा हिशेब कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा रोजच्या निर्णयाला जास्त उपयोगी पडतो.

हात गळ्यात बांधून ठेवू नये. टेंडनला काम मिळालं नाही तर तो आणखी कमकुवत होतो, आणि महिनाभराने त्याच सर्व्हिसला परत गेलात की पुन्हा तेच. पूर्ण विश्रांतीचा सल्ला इथेच फसतो. दुखणं जातं आणि तयारीही जाते.

बर्फाबद्दल बरेच गैरसमज आहेत. विश्रांती, बर्फ, पट्टी, हात उंच ठेवणे हे चारकलमी सूत्र अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि जगभर पसरलं. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फाने दुरुस्ती उलट लांबूही शकते. दुखणं बधिर करायला टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही, त्याच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. आखडलेल्या मानेला आणि पाठीला गरम पाण्याचा शेक बरा वाटतो. तिळाच्या तेलाची हलकी मालिशही बरी वाटते. झटका देऊन "नस बसवून देणाऱ्या"कडे मात्र खांदा नेऊ नका.

झोपेची व्यवस्था नीट केली तर अर्धं दुखणं सुसह्य होतं. दुखऱ्या कुशीवर न झोपता दुसऱ्या कुशीवर झोपायचं आणि उशी छातीशी धरून दुखरा हात तिच्यावर ठेवायचा. उताणं झोपत असाल तर त्या बाजूच्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे दंड मागे पडत नाही.

आता गोळ्या. दुखतं म्हणून रात्री एखादी वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणं वेगळं. खेळायला जाण्याआधी गोळी घेऊन उतरणं हा प्रकार आपल्याकडे फार बोकाळलाय आणि तो दोन कारणांनी वाईट आहे. एक, सकाळचा तो हिशेबच बिघडतो; काय सहन होतंय, काय नाही हे कळत नाही. दुसरं कारण नागपूरच्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, सकाळच्या खेळातही अंगातलं भरपूर पाणी जातं. शरीर कोरडं असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आणखीच.

एमआरआयमधला "टिअर"

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची आणि तपासणी केंद्रांची कमतरता नाही, त्यामुळे खांदा दुखला की एमआरआय लवकर होतो. रिपोर्टमध्ये "पार्शल टिअर", म्हणजे टेंडन थोडा फाटलेला, असे दोन शब्द दिसले की माणूस रॅकेट माळ्यावर टाकतो. त्याआधी एक गोष्ट माहीत असावी. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ३४ टक्के लोकांच्या कफमध्ये थोडा किंवा पूर्ण टिअर दिसला. साठी ओलांडलेल्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे पिकलेल्या केसांसारखी ही वयाची खूण बऱ्याचदा असते आणि तुमचं दुखणं तिच्यामुळेच आहे असं चित्रावरून ठरत नाही. पडून झालेली दुखापत वेगळी, ती वर आलीच आहे.

पूर्वी समजूत अशी होती, की वरचं हाड टेंडनवर घासतं म्हणून दुखतं. मग ते हाड दुर्बिणीतून तासून जागा मोकळी करायच्या शस्त्रक्रिया जगभर झाल्या. ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत काही रुग्णांचं हाड तासलं आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. रुग्णांना आपलं काय केलं हे ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली. व्यायामाने बरं होणाऱ्या खांद्याला टेबलावर न्यायची घाई करू नये, एवढं त्यातून घ्यावं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळतो, रात्री झोप लागते, व्यायाम सुरू करता येतो. एवढ्यासाठी ते ठीक. वारंवार घेतलं तर टेंडन कमकुवत होतो, आणि मधुमेह असेल तर नंतरचे काही दिवस शुगर वाढते. इंजेक्शन घेतलं, दुखणं थांबलं आणि त्याच रविवारी फायनल खेळलो, हे मात्र अजिबात करू नये.

व्यायाम

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. लागणारं सामान म्हणजे एक रेझिस्टन्स बँड (ताणायचा रबरी पट्टा), एक टॉवेल आणि घरातला दरवाजा.

बँड दरवाजाच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधा. दरवाजा तुमच्या डाव्या हाताला येईल असे उभे राहा (उजव्या हाताने खेळत असाल तर). टॉवेलची गुंडाळी करून उजवं कोपर आणि बरगड्या यांच्या मध्ये धरा, कोपर ९० अंशात वाकवा आणि बँड ओढत पंजा बाहेर न्या. परत आणताना मनातल्या मनात तीन आकडे मोजा. हा परतीचा सावकाश प्रवासच महत्त्वाचा, कारण मागच्या दोन स्नायूंना सर्व्हिसनंतर नेमकं हेच करायचं असतं. बँड नसेल तर डाव्या कुशीवर झोपून, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन हेच करता येतं.

दुसरा व्यायाम पात्यासाठी. तोच बँड समोर बांधून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा, पाती एकमेकांकडे येऊ द्या, खांदे कानाकडे चढू देऊ नका. तिसरा भिंतीवरचा पुशअप, पण हात सरळ झाल्यावर तिथे न थांबता भिंतीला आणखी थोडं रेटायचं, पाठीचा वरचा भाग किंचित गोल होईपर्यंत. या शेवटच्या दोन इंचांत पात्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू काम करतो. बहुतेक जण नेमके तेच दोन इंच सोडतात. भिंतीवर सोपं झालं की ओट्यावर, मग जमिनीवर.

प्रत्येकी दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, नाहीतर बँड बदला. टेंडन सावकाश बदलतो, बारा आठवडे धरून चाला. तीन आठवड्यांत दुखणं कमी झालं की लोक व्यायाम सोडतात आणि जानेवारीत पुन्हा तक्रार घेऊन येतात. हे व्यायाम मॅचच्या आधी करू नयेत, थकलेला कफ घेऊन कोर्टावर उतरण्यात काही शहाणपण नाही. दुखणं ओसरल्यावर, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून, तोच बाहेर वळवायचा व्यायाम कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून करायला लागा, कारण सर्व्हिस बरगड्यांजवळून मारली जात नाही.

खेळून झाल्यावर एक ताण पुरेसा आहे. खेळणारा हात छातीवरून पलीकडे न्या, दुसऱ्या हाताने कोपर जवळ ओढा, तीस सेकंद, तीनदा. रोज सर्व्हिस करणाऱ्यांच्या खांद्याची मागची बाजू आखडत जाते, तिच्यासाठी हे. आणि पायांना विसरू नका. उठाबशा आणि टाचा उचलणे हे सर्व्हिसचेच व्यायाम आहेत. एकट्याने जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन पद्धत शिकून घ्यावी. जाताना आठवड्याला किती सर्व्हिस मारता तो आकडा सोबत न्या.

परत कोर्टावर

रोजची कामं, म्हणजे शर्ट घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, विनासायास जमलं की सुरुवात करायची. पहिला आठवडा एक दिवसाआड, सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे जाळीजवळच्या चौकटीत, उभं राहून छोटा खेळ आणि मग मागच्या रेषेवरून फोरहँड-बॅकहँड. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या जोराने वीस सर्व्हिस, त्याही खेळाच्या सुरुवातीला, दमल्यावर नाही. तिसऱ्यात तीस-चाळीस, थोडा जोर वाढवून. चौथ्यात एक सेट डबल्स. स्मॅश सगळ्यात शेवटी. सकाळी दुखणं वाढलेलं वाटलं तर एक पायरी खाली. पावसाळ्यानंतर न दुखणाऱ्या खांद्यानेही हाच क्रम धरला तर ऑक्टोबरची ती तक्रार बऱ्याच जणांची टळेल. त्याहून उत्तम म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये घरी बँड चालू ठेवणं, त्याला कोर्ट वाळायची वाट बघावी लागत नाही.

डिसेंबरच्या सकाळी नागपूर चांगलंच गारठतं. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा हवेत गाडीतून उतरून थेट सर्व्हिस लाइनवर जाऊ नये. कोर्टाला दोन-तीन हलक्या फेऱ्या, हातांचे झोके, चेंडूशिवाय दहा सर्व्हिस, मग हळू रॅली. दहा मिनिटं लागतात.

सर्व्हिसमधली एक चूक खांद्याला सगळ्यात महागात पडते. उंच फटका हवा म्हणून लोक ताठ उभं राहून दंड कानाला चिकटवतात. चांगल्या खेळाडूचा फोटो बारकाईने बघा. हात आभाळात दिसतो, पण धडाशी दंडाचा कोन साधारण काटकोनाच्या थोडा वर असतो. उंची आलेली असते धड दुसऱ्या बाजूला झुकल्यामुळे. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, डोक्याच्या मागे गेला की असं झुकणं जमत नाही आणि खांदा मागे वाकवून चेंडू ओढावा लागतो. म्हणून टॉस थोडा पुढे, आणि वाईट पडला तर न मारता सोडून द्यायचा. नियमात त्याला मुभा आहे. ग्रुपमधल्या टोमण्यांकडे दुर्लक्ष करावं लागेल.

सामानाचा वाटा लहान, पण आहे. ओलसर कोर्टावर पाणी पिऊन जड झालेले चेंडू सरावाला वापरू नका. रॅकेटमधली पॉलिस्टरची तार तुटत नाही म्हणून वर्षभर तीच ठेवणारे खूप आहेत. ती तुटण्याच्या कितीतरी आधी मेलेली असते आणि मुळातच कडक असते. आठवड्यात दोन-तीनदा खेळणाऱ्याला मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची) किंवा साधी 'सिंथेटिक गट' तार पुरते. तार ओढणाऱ्याला ताण नेहमीपेक्षा दोन पौंड कमी ठेवायला सांगा.